उघड्या पाकिटांचे महाराज

भेटीच्या रविवारी आमच्या मुलांच्या वसतिगृहाच्या भोजनघरात पाय ठेवायला जागा नव्हती. बाकं भिंतीला सरकवलेली, दोन टेबलं जोडून मंच केलेला, त्यावर रेक्टरांनी स्वतःची गादी घातलेली आणि गादीवर महाराज. समोर आईबाप दाटीवाटीने बसलेले. एरवी याच खोलीत पोरं ताटं वाजवतात म्हणून रेक्टर छडी आपटतात. त्या दिवशी टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

महाराजांचे केस खांद्यापर्यंत, टोकांना वळण दिलेलं. मी पहिल्या भेटीतच त्यांचं नाव झुलपे महाराज ठेवलं. ठेवलं होतं माझ्यापुरतं. दुपारपर्यंत ते सगळ्या पोरांच्या तोंडी झालं, त्याला माझा इलाज नाही.

त्यांची रीत अशी. रेक्टरांनी पोराचं नाव पुकारायचं, पोराने आईबापांसकट पुढे यायचं आणि आपला हातरुमाल महाराजांच्या हातात द्यायचा. महाराज तो कपाळाला लावणार, डोळे मिटणार आणि रुमालातून त्यांना पोराचं सगळं दिसणार. आता, तो रुमाल आदल्याच दिवशी मी सोड्यात उकळलेला, निळीतून काढलेला, कडक इस्त्री केलेला. बत्तीस वर्षं या शाळेचं धुलाईघर मी सांभाळते. एवढं करूनही रुमालात पोराचं काही शिल्लक राहत असेल तर तो माझ्या कामाचा दोष म्हणायचा.

"दिसतंय," महाराज म्हणाले. "पाणी दिसतंय. गार पाणी. पहाटेचे पाच. सगळं वसतिगृह झोपलंय आणि हा बाळ एकटा उठून आंघोळ करतोय. रोज."

बाळ म्हणजे नंबर सतरा. मला पोरं नंबराने कळतात, कारण प्रत्येक कपड्यावर लाल दोऱ्याने नंबर मीच घालते. सतराच्या वडिलांचे डोळे भरून आले. मी मात्र दाराशी उभी राहून विचार करत होते की याचा टॉवेल दर शनिवारी माझ्याकडे परत येतो तो मीच घातलेल्या घडीत. आंघोळ होत असेल तर ती टॉवेलला चोरून.

मग आला नंबर एकतीस. "हा लांब पल्ल्याच्या शर्यतीत दुसरा आला," महाराजांनी डोळे मिटूनच सांगितलं. "छातीत श्वास मावत नाही, तरी धावतोय." आईने पोराला सगळ्यांदेखत पोटाशी धरलं. त्या शर्यतीच्या दिवशी हा एकतीस माझ्या बॉयलरमागे बसून मला विचारत होता, "मावशी, शिट्टी झाली का? संपली का एकदाची?" बुटाला माती लागावी म्हणून माझ्या नळाखालचा चिखल त्याने स्वतःच्या हाताने फासला होता.

मागच्या रांगेतली पोरं ओठ चावून बसली होती. मला वाटलं, हसू आवरतायत. ते तर होतंच, पण त्यात आणखी एक गोष्ट होती. ती मला पुढे कळली.

तिसरं नाव माझ्या नातवाचं पुकारलं. नंबर चव्वेचाळीस, वय अकरा. माझा मुलगा आणि सून दुसऱ्या गावी राहतात, दोघांच्या कामाच्या वेळा धड नाहीत, म्हणून पोर इथे, माझ्या नजरेखाली. सहाव्या वर्षापासून त्याला फिट येते. सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशी गोळी असते, ती मी देते, आणि महिन्याची बाटली भेटीच्या रविवारी सून घेऊन येते.

महाराजांनी रुमाल कपाळाला लावला आणि जरा जास्तच वेळ लावून ठेवला. "तीन महिने," ते म्हणाले. "आजच्या घडीला तीन महिने पुरे झाले. एकही झटका नाही."

सूनबाईने हात जोडले. "खरं आहे महाराज."

"खरं नाही," मी दारातून म्हटलं. पुढे गेले आणि त्या झुलपांवर बोट रोखून म्हटलं, "पंधरा दिवसांपूर्वी न्हाणीघरात आली होती. शर्ट मी धुतलाय. ओठ चावला होता, रक्त होतं कॉलरला."

महाराज गोड हसले. "म्हातारपणी सगळेच डाग रक्ताचे दिसतात."

सगळं भोजनघर हसलं. सून पोराकडे वळली. "खरं का रे?"

पोराने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि म्हणाला, "नाही."

बत्तीस वर्षांत माझ्या शब्दाला कुणी असं उताणं पाडलं नव्हतं, आणि पाडलं ते माझ्याच रक्ताने.

"आजाराने देह सोडलाय," महाराज म्हणाले. "आता औषध हेच विष. पुढच्या भेटीच्या रविवारी याला माझ्याबरोबर मठात नेईन. तीन महिने सेवेत ठेवायचा. तोवर औषधाचा कणसुद्धा पोटात जाता कामा नये." आणि हात पुढे केला. सुनेने नवी कोरी बाटली त्या हातात ठेवली.

बाहेर ओट्यावर मी तिला गाठलं. "अगं, डोकं ठिकाणावर आहे का?"

"आई, गेल्या खेपेला त्यांनी सांगितलं, हा गणितात तिसरा आलाय. पत्र बुधवारी आलं, त्यात तेच लिहिलेलं. पत्राच्या तीन दिवस आधी कसं कळलं त्यांना, सांगा ना तुम्ही."

"कळलं असेल कुठून तरी," मी म्हटलं.

"मग धुण्याचं तुम्ही बघा," ती म्हणाली. "हे तुमच्या हातातलं नाही."

माझा मुलगा तिथे नव्हता. आई आणि बायको समोरासमोर येणार असं दिसलं की कारखान्यात त्याला जादा पाळी लागते.

मंगळवारी कवायतीच्या वेळी, रांगेत उभा असतानाच पोर कोसळलं. शाळेचे डॉक्टर धावत आले. फिट थांबायला किती वेळ लागला ते मी सांगणार नाही, मला ते पुन्हा आठवायचं नाही. नंतर डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "औषध असं एकाएकी तोडलं की फिट एकामागून एक येत राहते. पोर हातचं जाईल मावशी. मी गोळ्या देतो, तुम्ही समोर बसून घ्यायला लावा. पण मठात गेल्यावर कोण देणार? त्याच्या आईला मी लिहितो."

लिहिलं त्यांनी. उत्तर आलं. "आपले आभार. महाराजांनी बघितलं आहे. महिनाअखेर मुलाला पाठवत आहोत." माझ्या हातात तीन आठवडे होते.

पोराला मी इस्त्रीच्या टेबलासमोर उभं केलं. गोळी दिली, जीभ वर करून दाखवायला लावली. मग विचारलं, "त्या झुलपेवाल्याला तीन महिने हा आकडा कुणी सांगितला?"

"माहीत नाही."

"तू सांगितलास?"

"नाही आजी. शप्पथ."

"मग तू 'नाही' का म्हणालास? न्हाणीघरात तुला उचललं कुणी?"

"मी आईला तसंच लिहिलं होतं. गुरुवारच्या पत्रात. तीन महिने फिट नाही म्हणून."

"मी विचारलं तेव्हा म्हणालास, खरं ते लिहिलं."

"खरं लिहिलं की ती रडते. बाबा फोनवर सांगतात, तुझं पत्र आलं की दोन दिवस जेवत नाही. मग कशाला लिहू?"

मला शिव्या द्यायच्या होत्या. दिल्या नाहीत. "आणि गणितात तिसरा?"

"तेही पत्रात." मग जरा धीर येऊन म्हणाला, "सगळेच लिहितात आजी. सतरा लिहितो पहाटे आंघोळ करतो. एकतीसने शर्यतीचं लिहिलं. महाराजांनी ते सगळ्यांसमोर सांगितलं, आता घरी कुणी संशयच घेत नाही. एकतीस म्हणतो, महाराज लई कामाचा माणूस आहे."

तेव्हा मला कळलं पोरं ओठ का चावत होती. चाळीस पोरांच्या थापांना देवमाणसाचा शिक्का मिळत होता, कोण कशाला तोंड उघडेल?

आणि माझ्या डोक्यात दुसरीच गोष्ट शिरली. या शाळेतल्या पोराचं खरं काय ते कपड्यांतून कळतं, आणि ते माझ्याकडे येतं. कोण अंथरूण ओलं करतो, कोणाचा उशीचा अभ्रा डोळे पुसून खारट झालाय, कोणाच्या मोज्याला महिनाभर मैदानाची माती नाही, हे मला ठाऊक असतं आणि मी ते कुणाला सांगत नाही. महाराजांना त्यातलं एकही कधी दिसलं नाही. ज्याला अंतर्ज्ञान आहे त्याला तीन ओल्या गाद्या दिसू नयेत? दिसत होत्या त्या फक्त थापा. आणि थापा राहतात एकाच जागी.

आमच्याकडे गुरुवारी खेळ संपल्यावर पत्रांचा तास असतो. पोरांनी पत्र लिहायचं, पाकिटात घालायचं, पण चिकटवायचं नाही. रेक्टरांनी ते वाचायचं, मग सोमवारी टपालात टाकायचं. कुणी शाळेची उगाच निंदा करू नये म्हणून हा जुना नियम.

रेक्टरांचे धुतलेले सदरे मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम स्वतः घेऊन गेले. "साहेब, पोरांची पत्रं हल्ली वेळेवर वाचून होतात का?"

"त्याची आता कटकट राहिली नाही मावशी," ते खुशीत म्हणाले. "भेटीच्या आठवड्यात महाराज शुक्रवारीच येतात ना. पत्रं त्यांच्या खोलीत ठेवतो. दोन दिवस ते त्यांवर हात ठेवतात. प्रत्येक घराला आशीर्वाद पोचतो."

"उघडी पाकिटं?"

"नियमच आहे ना उघडी ठेवायचा."

"आणि तुम्ही वाचता कधी?"

"महाराजांच्या हातून गेलेल्या पत्रात मी काय चुका काढायच्या?"

मी सदरे ठेवले आणि बाहेर आले. माणूस लबाड नव्हता. आळशी होता, आणि भक्ती केली की काम वाचतं हे त्याच्या लक्षात आलं होतं. एवढं पुरतं.

आता हे मी सुनेला सांगितलं असतं तर तिने काय म्हटलं असतं, ते तुम्हीच सांगा. "आई, तुम्हाला महाराज आवडत नाहीत." तेव्हा महाराजांकडूनच सांगवायला हवं होतं.

भेटीच्या आठवड्यातल्या गुरुवारी पत्रांच्या तासाआधी नातवाला बोलावलं. मला अक्षर लावून लावून वाचता येतं, लिहिताना सहीपलीकडे जात नाही. म्हणून मी सांगितलं आणि त्याने लिहिलं. "आई, आजी ओल्या फरशीवर पडली. उजवा हात मोडला. कोपरापर्यंत प्लास्टर आहे. तुला सांगू नको म्हणाली, म्हणून तू तिला विचारू नकोस."

"आजी, हे खोटं आहे," तो म्हणाला.

"आहे. माझं आहे, तुझं नाही. रविवारी ते खोटं मीच मोडून काढणार आहे."

शुक्रवारी महाराज आले. त्या क्षणापासून मी धुलाईघराबाहेर पाऊल टाकलं नाही. त्यांचे पलंगपोस मदतनीस बाईच्या हातून पाठवले. तिने परत येऊन सांगितलं, "विचारत होते, त्या भांडखोर बाई दिसत नाहीत. मी म्हटलं, येत नाहीत हल्ली पुढे."

तिला मी काही पढवलं नव्हतं. देव असतो तो असा.

रविवारी भोजनघर पहिल्यापेक्षा जास्त भरलं. मी स्वयंपाकघराच्या दारामागे, हातात ओलं घोंगडं घेऊन उभी. सतराने त्या खेपेला व्यायाम सुरू केला होता, एकतीस म्हणे फुटबॉल संघाचा कप्तान झाला होता. खऱ्या कप्तानाचे आईबाप दुसऱ्याच रांगेत बसले होते. त्यांचं तोंड बघण्यासारखं होतं.

मग चव्वेचाळीस. सुनेने येताना पोराची बॅग भरून आणली होती, मठासाठी. ती बॅग पायाशी ठेवून ती हात जोडून उभी राहिली.

महाराजांनी रुमाल घेतला, डोळे मिटले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "अरेरे. मुली, तुला एक सांगायचं आहे, मन घट्ट कर. गेल्या वेळी ज्या हाताने माझ्यावर बोट रोखलं गेलं, तो हात मला दिसतोय. उजवा. पांढरं दिसतंय, कोपरापर्यंत पांढरं. हाड मोडलंय. तुझ्यापासून लपवलंय त्या माऊलीने. मी शाप दिला नाही हो. पण जे होतं ते होतं."

सूनबाईचा चेहरा पांढरा पडला. "आईंचा हात?"

भोजनघरात एक थरार पसरला. काही बायकांनी कानाला हात लावले. असं नुकसान दुसऱ्याचं झालं की माणसांना देव फार जवळचा वाटतो.

तेव्हा मी बाहेर आले. घोंगडं उजव्या खांद्यावर. ओलं घोंगडं उचलून बघा कधी, मग त्याचं वजन कळेल. सरळ सुनेपुढे गेले आणि एक टोक तिच्या हातात दिलं.

"धर. पीळ."

तिने न कळून धरलं. मी माझ्या टोकाला उजव्या हाताचा वेढा दिला आणि पिळलं. तिला माझा हात बघायची गरजच राहिली नाही, तो तिला घोंगड्यातून मनगटापर्यंत कळला. तोल जाऊन ती दोन पावलं पुढे आली. पाणी मंचावर आणि रेक्टरांच्या गादीवर पडलं.

"मोडला का गं?" मी विचारलं.

महाराजांनी पाय वर ओढून घेतले. पण असल्या माणसाचं तोंड पायाआधी सावरतं. "मला दिसतं ते पुढचंही असतं, बाई. हात मोडणार आहे."

"मग तीन महिने फिट नाही, हेही पुढचंच होतं का? त्याच्या पुढच्याच मंगळवारी कवायतीत पडला तो."

"तो सूक्ष्म देहाचा विषय आहे."

"पडला तो जाड देहाने पडला. डॉक्टर साक्षीला आहेत, इथेच उभे आहेत." मी रेक्टरांकडे वळले. "साहेब, महाराजांच्या खोलीतून पत्रांचा गठ्ठा मागवा. चव्वेचाळीसचं पत्र काढा आणि वाचा. तुमचंच काम आहे ते, नियमाने."

रेक्टर हलेनात. खरा कप्तान पळत गेला आणि गठ्ठा घेऊन आला. सगळी पाकिटं उघडी. रेक्टरांनी वाचलं, "आजी ओल्या फरशीवर पडली. उजवा हात मोडला. कोपरापर्यंत प्लास्टर आहे. तुला सांगू नको म्हणाली." आणि थांबले. सगळ्यांच्या डोक्यात ते एकदमच उतरलं. कोपरापर्यंत. उजवा. लपवलंय.

"मी सांगितलं आणि पोराने लिहिलं," मी म्हटलं. "ही थाप जगात तिघांनाच माहीत होती. मला, याला आणि ज्याने पाकीट उघडून वाचलं त्याला."

एवढ्यावर सून फिरली असती असं मला वाटलं होतं. पण तिने पोराकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाली, "निदान फिट तरी थांबल्या होत्या ना रे?"

हा प्रश्न माझ्यासाठी नव्हता. मी घोंगडं खाली ठेवलं.

"नाही आई," तो म्हणाला. "चार वेळा आली. मीच खोटं लिहिलं. महाराजांना काही दिसत नाही, ते माझं पत्र वाचून तुला सांगत होते. मी मागच्या वेळी आजीला खोटं पाडलं."

ती खाली बसली. रडली. तो घाबरून माझ्याकडे बघायला लागला, मी डोळ्यांनीच म्हटलं, रडू दे, मरत नाही रडून कुणी.

मागून सतराच्या वडिलांचा आवाज आला, "काय रे, आणि ती पहाटेची आंघोळ?" त्यावर जे सुरू झालं ते मी उगाळत बसत नाही. इतकंच सांगते की त्या दुपारी चाळीस घरांत पहिल्यांदा खरं बोलणं झालं आणि त्यातलं बरंचसं मोठ्या आवाजात. त्या गडबडीत महाराज कधी उठले ते कळलं नाही. गेल्या खेपेला सुनेने दिलेली गोळ्यांची बाटली तेवढी त्यांच्या पिशवीतून डॉक्टरांनी आधीच काढून घेतली होती.

सूनबाईने संध्याकाळची गोळी स्वतःच्या हाताने दिली. पोराने सवयीने जीभ वर करून दाखवली. जाताना ती बॅग इथेच ठेवून गेली, कपडे माझ्या कपाटात लावून. मला म्हणाली, "आई, चुकलं माझं."

"चुकलं," मी म्हटलं. उगाच नाही कशाला म्हणायचं?

आता पाकिटं पोरं स्वतः चिकटवतात. पुढच्या गुरुवारी चव्वेचाळीसने लिहिलं, ते त्याने मला वाचून दाखवलं. "आई, सोमवारी फिट आली. लहान होती. गोळी चुकली नाही. गणितात सव्विसावा आहे." ती रडली असेल. पण डॉक्टरांना तिने दुसऱ्याच दिवशी फोन केला, मात्रा वाढवायची का ते विचारायला. तीन महिने हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, कारण सगळ्यांना सगळं छान दिसत होतं.

तुम्हाला सांगायचं ते सरळ सांगते. कुणी तुमच्या घरातली गोष्ट तुम्हाला सांगून थक्क करू लागला तर हात जोडण्याआधी एकच विचारा, ही गोष्ट आणखी कुठे लिहिलेली, बोललेली, ठेवलेली आहे, आणि तिथे याचा हात पोचतो का. शंभरातल्या शंभर वेळा पोचतो. डॉक्टरने सुरू केलेलं औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय थांबवू नका, सांगणारा कितीही गोड हसला तरी. आणि आपलं पोर कसं आहे ते परक्या माणसाला रुमाल देऊन विचारू नका. ते तुमच्यासमोर उभं असतं. त्याला विचारा, आणि त्याने खरं सांगितलं तर ते ऐकून घ्यायची तयारी ठेवा.